गुरुवारची सुट्टी, रविवारचे पाहुणे

आमच्या शहरात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी आधी हसते आणि मग यादी काढते. यादी कायम तयार असते, कारण तिच्यावरच माझी नोकरी टिकून आहे. चाकणजवळच्या महाळुंग्याच्या एका कंपनीत मी अ‍ॅडमिनला आहे. कागदोपत्री माझ्याकडे स्टेशनरी, कॅन्टीनच्या तक्रारी आणि कामगारांच्या बसचे पास आहेत. प्रत्यक्षात माझ्याकडे पाहुणे आहेत. नवीन मशीन बसवायला परदेशातून इंजिनिअर येतात, हिंजवडीच्या हॉटेलात दोन-तीन महिने राहतात आणि सहा दिवस कारखान्यात, शॉपवर काढल्यावर सातव्या दिवशी त्यांना भारत बघायचा असतो. तो दाखवायचं काम माझं.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना मी लोहगडावर नेते. ज्यांना घरी फोटो पाठवायचे असतात त्यांना पवनेच्या धरणाकाठी, तंबूत राहायला. धाडस अंगात आलेल्यांना कामशेतला पॅराग्लायडिंग. ज्यांना लवकर परतून झोपायचं असतं त्यांना निगडीची दुर्गा टेकडी पुरते. चाकणचा चौक यादीत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ पाहुणे तोच बघतात. तिथे तासभर अडकल्यावर एका जर्मन पाहुण्याने मला विचारलं होतं, आज इथे काही उत्सव आहे का? म्हटलं, हो, रोजच असतो. त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

आणि यादीत भाज्याची लेणी आहेत. ती मी पहिल्यांदा पाहिली ती त्याच जर्मन माणसाबरोबर. पप्पांबरोबर नाही. आमच्या घरात ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही, पण पप्पांना ती लागली होती हे मला माहीत आहे.

पप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. नगरकडच्या गावातून आले, लेथवर उभे राहिले ते रिटायर होईपर्यंत. आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असायची. विजेचा भार वाटून घ्यायला म्हणे तसं ठरलं होतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, असं कसं? पण आम्हाला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. मला तर कितीतरी दिवस वाटायचं की सगळ्या जगातच रविवार मुलांचा असतो आणि गुरुवार वडिलांचा. रविवारी आम्ही भावंडं घरी आणि पप्पा कामावर. गुरुवारी पप्पा घरी आणि आम्ही शाळेत. एका घरात राहून आमची सुट्टी एकमेकांना कधी भेटलीच नाही.

गुरुवारी पप्पा एकटे भाज्याला जायचे. सकाळची लोणावळा लोकल, मळवलीला उतरायचं, पायी लेण्यापर्यंत. पांढरा शर्ट, पिशवीत थोडी फुलं. तिथे चैत्यात बसून वंदना म्हणायची, बरोबरची भाकरी खायची आणि संध्याकाळी परत. आल्यावर मला सगळं सांगायचे. तो चैत्य आपल्या माणसांनी छिन्नीने वरून खाली कसा कोरत आणला, छताच्या लाकडाच्या फासळ्या अजून कशा तग धरून आहेत, खांब आत कसे कलते आहेत. मी म्हणायचे, पप्पा, मला पण न्या. ते म्हणायचे, "शाळा बुडवून काय बी बघायचं न्हाई. लेणी दोन हजार वर्षं हायती. तुझी शाळा होईस्तवर थांबतील."

आमच्या वस्तीत शाळा बुडवणं म्हणजे चोरी करण्याइतकंच वाईट. जो शिकला नाही तो मेला, असं आई उठता-बसता म्हणायची. तेव्हा पप्पांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. राग येतो तो याचाच. ज्याच्यावर काढावा असा कुणीच सापडत नाही.

मग दहावी झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न होऊन मी मोशीला गेले. आई वारली. पप्पा रिटायर झाले आणि त्यांचे सातही वार मोकळे झाले. तोवर माझा रविवार पाहुण्यांनी खाल्ला होता. त्याच्या बदल्यात आठवड्यात कधीतरी एक सुट्टी मिळायची. ती बँक, दवाखाना आणि धुण्यात जायची. पप्पा दर फोनला विचारायचे, "रविवारी सुट्टी हाय का?" मी म्हणायचे, पाहुणे आहेत. ते म्हणायचे, असू दे, असू दे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी दावा साधला. डॉक्टर म्हणाले, जिने-चढ आता विसरा, ऑपरेशनचं बघू. पप्पांनी ऑपरेशनचं काही विचारलंच नाही. घरी येताना रिक्षात म्हणाले, "एकदा माझ्यासंगं भाज्याला चल. दोघं बसून वंदना म्हणू. मग गुडघं गेलं तरी चालंल." आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट. मोठी म्हणावी अशीही नाही. माझ्या घरापासून भाजे दोन तासांच्या आत आहे आणि मी तिथे तोवर दहा-बारा वेळा जाऊन आले होते, अनोळखी माणसांबरोबर.

तरी मला ते जमेना. मग मी शक्कल काढली. दोन कोरियन पाहुण्यांना भाजे बघायचं होतं. एक साठीला टेकलेला, एक तरणा. गाडी सात जणांची, माणसं तीन आणि ड्रायव्हर. म्हटलं, पप्पांना बसवू. एका दगडात दोन पक्षी. पप्पांनी विचारलं, "कंपनीला चालंल का?" मी म्हटलं, चालतं हो, सगळे आणतात. ही थाप होती. घरच्या माणसाला कंपनीच्या गाडीत बसवायचं नाही असा नियम होता आणि थोड्याच दिवसांपूर्वी आमच्यातल्या एकाने बायकोला गाडीतून सोडलं म्हणून त्याला मेमो मिळाला होता.

त्या रविवारी पप्पा निगडीच्या बसस्टँडपाशी उभे होते. मी सातची वेळ दिली होती, ते साडेसहापासून आले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्ही कडक इस्त्रीचे. पायात प्लास्टिकच्या चपला, कारण सुजलेल्या पायात दुसरं काही शिरत नव्हतं. हातात कापडी पिशवी. पिशवीत शेवंतीची फुलं, जुना पेपर आणि डबा. डबा दोघांचा होता. स्वतः चपात्या लाटल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी कुटली होती. गाडीत बसताना मला म्हणाले, "आज लई बरं वाटतंय." ड्रायव्हर बीडकडचा, तोंडाळ पोरगा. तो म्हणाला, "काका, तुमी तर नवरदेवच दिसायलाव." पप्पा खूप हसले.

हिंजवडीच्या हॉटेलात पाहुणे तयार होते. पण त्यांच्याबरोबर आमचे साहेबही उभे होते. रविवारी सकाळी साहेब तिथे येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाहुण्यांना निरोप द्यायला म्हणून आले होते. पप्पा बिचारे पाहुण्यांना नमस्कार करायला गाडीतून खाली उतरलेले. साहेबांनी त्यांना वरपासून चपलांपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोण?"

माझ्या तोंडातून निघालं, "लोकल गाइड आहेत सर. लेण्यांसाठी घेतलेत."

एवढं पटकन निघालं की जणू मी ते घरून पाठ करून आले होते. मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं की नोकरीची भीती होती, मेमोची भीती होती. होती ना. पण ती निम्मी. उरलेली निम्मी लाज होती. त्या चकचकीत लॉबीच्या दारात त्या चपला आणि ती कापडी पिशवी माझी आहे, हे मला सांगवलं नाही. ज्या माणसाने मला शिकवून त्या दारापर्यंत आणलं, त्याला मी त्याच दारात परकं केलं.

पप्पांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "गुड मॉर्निंग सर." आणि गाडीत जाऊन अगदी मागच्या सीटवर बसले, जिथे सामान ठेवतात.

पुढे ते मला मॅडम म्हणायला लागले. "मॅडम, हितं गाडी थांबवा, पाणी घ्यायचं आसंल तर." "मॅडम, ह्यांना सांगा, टोपी घाला, ऊन हाय." ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. पप्पांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोसलं असतं. टोमणा नव्हता. लेकीची नोकरी सांभाळायची म्हणून ते चोख काम करत होते, लेथवर करायचे तसं.

भाज्याच्या पायऱ्या ते कशा चढले ते त्यांनाच माहीत. दर आठ-दहा पायऱ्यांना थांबायचे आणि थांबलो असं दिसू नये म्हणून पाहुण्यांना काहीतरी दाखवायचे. तो बघा लोहगड, तो विसापूर, ते खाली मळवली. मी त्यांचा हात धरायला हवा होता. गाइडचा हात कोण धरतं? मी पुढे चालत राहिले.

वर गेल्यावर मात्र पप्पा वेगळेच झाले. चैत्याच्या दारात उभे राहून त्यांनी बोलायला सुरुवात केली. इंग्रजी त्यांचं शॉपवरचं. पण समोरचा म्हातारा कोरियनही शॉपवरचाच. पप्पांनी खांबाला तळवा लावून हात तिरका केला आणि म्हणाले, "टेपर. ऑल पिलर टेपर. लोड कमिंग, नो प्रॉब्लेम." तो माणूस उडालाच. त्यानेही खांबाला हात लावून पाहिला, एक डोळा मिटून रेष पाहिली. पप्पा म्हणाले, "नो मशीन. हँड. रिजेक्शन नॉट अलाउड." एक घाव चुकला तर डोंगर काही बदलून मिळत नाही, असं त्यांना सांगायचं होतं. ते मला इंग्रजीत करून द्यावंही लागलं नाही. दोघं म्हातारे खांबामागून खांब बघत गेले. बाजूच्या छोट्या स्तूपांपाशीही बराच वेळ थांबले. इतकी वर्षं मी पाहुण्यांना ही लेणी दाखवत होते आणि मला त्यातलं काडीइतकं कळलं नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं. जे मला लहानपणी ऐकायला मिळायला हवं होतं ते मी एका परक्या माणसाच्या मागे उभी राहून ऐकत होते.

मग पप्पांनी चपला काढल्या. स्तूपासमोर फुलं ठेवली. मेणबत्ती-अगरबत्ती ते तिथे कधी लावत नाहीत, दगड काळा पडतो म्हणून. पिशवीतून पेपर काढला, त्याच्या दोन घड्या केल्या. एक स्वतःखाली घातली आणि दुसरी शेजारी अंथरली. मग हळूच मागे वळून पाहिलं. हाक मारली नाही. मला कशी मारणार? मॅडम म्हणून?

मी दारात उभी होते. तरण्या पाहुण्याचा फोन माझ्या हातात होता आणि त्याला कमानीखाली उभं राहून फोटो हवा होता, मग बसून, मग उडी मारताना. आठ पावलं असतील. जाऊन बसले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? साहेब तिथे नव्हते. पाहुण्यांनी चहाडी केली नसती. पण सकाळचं खोटं उघडं पडेल आणि ही बाई स्वतःच्या बापाला गाइड म्हणाली हे त्या दोघांना कळेल, याची मला शरम वाटली. म्हणून मी उडीचा फोटो काढला. नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा काढला.

तेवढ्यात म्हाताऱ्या पाहुण्याने बूट काढले, पुढे गेला आणि पप्पांच्या शेजारी, त्या दुसऱ्या पेपरवर जाऊन बसला. पप्पांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि सरकून त्याला नीट जागा करून दिली. पप्पांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. त्यांचा आवाज त्या चैत्यात घुमतो हे ते मला लहानपणी सांगायचे, ते खरं होतं. पाहुणा डोळे मिटून त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. नंतर त्याने मला सांगितलं की त्याची आजी त्याला असंच देवळात घेऊन बसायची. सांगताना त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, व्हेरी नाइस.

दुपारी खाली एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांचं जेवण ठरलेलं होतं. म्हाताऱ्याने विचारलं, गाइड जेवणार नाहीत? मी म्हटलं, त्यांनी त्यांचं आणलंय. खिडकीतून गाडी दिसत होती. पप्पा आणि ड्रायव्हर मागचं दार उघडून बसले होते. माझ्या वाटणीच्या चपात्या ड्रायव्हरने खाल्ल्या. परतीच्या वाटेवर तो मला एवढंच म्हणाला, "ताई, चटणी एक नंबर होती." मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. आणि मारायला हवी होती ती माझ्याच.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाहुणे बेहद्द खूश होते. असा गाइड आम्हाला कुठेच भेटला नाही म्हणे. "त्यांना फिक्स करून टाका. दर महिन्याला लागतील." मी म्हटलं, विचारते सर. साहेबांनी मला शाबासकी दिली, आणि ती मी घेतली.

गुरुवारी मला बदली सुट्टी मिळाली. मी पिंपरीला पप्पांकडे गेले. पाया पडायचं, माफी मागायची, रडायचंही ठरवून गेले होते. पप्पा कॉटवर पाय लांब करून बसले होते. दोन्ही गुडघे टम्म सुजलेले. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "त्या कोरियाच्या माणसानं एक गोष्ट बरोबर पकडली बग. खांबाचा टेपर सगळीकडं सारखा न्हाई. मला इतक्या वर्षांत दिसलं न्हाई." आणि तेच बोलत राहिले. मी दोनदा म्हटलं, पप्पा, त्या दिवशी मी... दोन्ही वेळा त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं. "नोकरी हाय. नोकरीत करावं लागतं. मी का केलं न्हाई?" मग मला चहा करायला लावला.

चहा पिता पिता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्या रविवारी हायत का पाहुणे, भाज्याला जाणारे?"

पाहुणे होते. तिघं होते, आणि साहेबांनी त्यांना भाज्यालाच न्यायला सांगितलं होतं, त्या गाइडला घेऊन. त्या सुजलेल्या गुडघ्यांवर पप्पा पुन्हा चढायला तयार होते. मॅडम म्हणायला तयार होते, मागच्या सीटवर बसायला तयार होते. माझ्याबरोबर रविवार काढायचा दुसरा रस्ता त्यांना दिसत नव्हता. मला ते पुन्हा बघवलं नसतं.

"नाहीत पप्पा," मी म्हटलं. "या रविवारी कुणी नाही."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. कप खाली ठेवून ते पुढे सरकले.

"म्हणजे सुट्टी हाय तुला?"